मुका केलेला गजर

सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झाल्यावर मी इथे बंगळुरात सर्जापूर रोडवरच्या एका नव्या कंपनीत यंत्रं तपासायला जायचे, एवढं तुम्हां नातवंडांना ठाऊक आहे. तिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या बनायच्या. माझ्या सहीशिवाय एकही पेटी बाहेर जात नसे.

कंपनी वेगाने वाढत होती आणि माणसं त्याहून वेगाने सोडून जात होती. जाणाऱ्यासाठी केक कापायचे, फोटो काढायचे आणि संध्याकाळच्या आत त्याचा लॅपटॉप पुसून नव्या माणसासाठी तयार ठेवायचे.

एका शुक्रवारी दुपारी हॉस्पिटलला जाणाऱ्या पेट्या न्यायला टेम्पो दाराशी उभा होता. आदल्या दिवशी पेट्यांमध्ये नवं सॉफ्टवेअर चढवलं होतं, म्हणून मी एक पेटी मुद्दाम जास्त तापवली. आकडा चढत गेला, पण गजर वाजला नाही. दुसरी तापवली. तीही गप्प.

मालक पुण्याचा, तुमच्या आईहून लहान. धावतच आला.

"काकू, तिथे नर्स असते हो! आज माल गेला नाही तर ऑर्डर जाईल. मग या सगळ्यांना मी काय सांगू?"

"नर्सला दोनच डोळे असतात. गजर का वाजत नाही ते सांग, लगेच सही करते."

सांगणार कोण? सॉफ्टवेअरच्या टेबलावरची माणसं सगळीच नवी होती. ज्याने गजराचं सॉफ्टवेअर लिहिलं, तो महिन्यापूर्वी भांडून गेला होता. त्याचा लॅपटॉप कोरा होऊन एका नव्या मुलीसमोर होता.

"त्याला फोन लाव," मी म्हटलं.

"शिव्या देईल मला."

"मग मी लावते."

तो इथल्याच जुन्या मराठी घरातला, बोलण्यात कानडी मिसळायचा, मला अक्का म्हणायचा. मी फोन स्पीकरवर ठेवला.

"अक्का, त्या माणसाचं काही काम असेल तर नको."

"त्याचं नाही रे. पेटी तापली तरी गजर वाजत नाही. उद्या आत बाळ असेल."

पलीकडच्या हॉर्नच्या गोंगाटातून तो बोलू लागला.

"कंपनीत पैसे लावणारे बघायला आले होते ना, तेव्हा सारखा गजर वाजतो म्हणून मालकानेच बंद करायला लावला. त्या दिवसापुरती वेगळी आवृत्ती केली होती मी. तुमच्या लोकांनी तीच चढवली असणार. स्वल्प थांबा, जरा गाडी बाजूला घेतो."

मालक खाली बघत उभा होता. फोनवरचा आवाज सांगत गेला, ती मुलगी खरी आवृत्ती शोधत गेली. बऱ्याच वेळाने ती चढवल्यावर तापवलेली पेटी किंचाळली. मुलीने दचकून कानांवर हात ठेवले.

बाकीच्या पेट्या अजून तशाच होत्या. टेम्पोवाला हॉर्न देऊ लागला. मालकाने त्याला हाताने परत जायला सांगितलं आणि हॉस्पिटलला फोन लावला.

"माल सोमवारी येईल," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघत राहिले.

"गजर बंद होता, सर," तो फोनमध्ये हळूच म्हणाला. "आमच्याकडूनच."