शेजारच्या खुर्चीतल्या बाई

मल्टिपल स्क्लेरोसिसनं माझे पाय बधिर झाले, तेव्हा डॉक्टरांनी मला बारामतीत ध्यानाच्या वर्गाला धाडलं. सगळे डोळे मिटून श्वासाकडं लक्ष द्यायचे, मी एक डोळा उघडून त्यांच्याकडं. शेजारच्या खुर्चीत कळसच्या एक बाई बसायच्या. आजार तोच. नाव मी कधी विचारलं नाही. आपला जड पाय दोन्ही हातांनी उचलून त्या हळूच सरळ ठेवायच्या.

एकदा मी ऐटीत म्हणालो, "मला कसलं टेन्शन नाही. डॉक्टर म्हणाले म्हणून येतो."

त्या हसल्या. "मला तर लई भ्या वाटतं. हितं येऊन ते जात न्हाय, पन त्याच्याशेजारी बसता येतं."

इंदापूरला घरी येऊन बायकोला पहिल्यांदाच म्हणालो, "मला भीती वाटते गं."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "रोज झोपेत तेच सांगता."