चौथ्या जागेचा फैसला

बळवंतराव शेडगे आणि सिनेमा यांची पहिली गाठ ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पडली, आणि ती मधमाश्यांनी घालून दिली.

मुंबईची एक कंपनी मूकपट काढायला किल्ल्यावर आली होती. नायकाने घोड्यासकट तटावरून उडी घ्यायची होती. पण तटाशी जाऊन एकदा खाली डोकावल्यावर नायकाच्या पोटात अशी कळ उठली, की तो तंबूत आडवा झाला तो मुंबईच्या गाडीची वेळ विचारतच. कंपनीचे शेठ डोक्याला हात लावून बसले होते. भाड्याच्या घोडीचा लगाम धरून एकोणीस वर्षांचा बळवंत उभा होता. घोडी त्याच्या वडिलांची, शिलेदार कृष्णरावांची. आणि तिला ओरखडा न पडू देता घरी आणायची त्याला ताकीद होती. तेवढ्यात लढाईचा धूर हवा म्हणून कुणीतरी राळ पेटवली. धूर सरळ वर गेला. वर कमानीखाली परातीएवढं आग्या मोहोळ होतं.

पुढचं ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जितकी तोंडं तितक्या तऱ्हांनी सांगतात. माश्या कुणी एक लाख धरतो, कुणी पाच. तटाची उंची कुणी पंधरा फूट सांगतो, कुणी चाळीस; आणि बळवंतरावांच्या सासुरवाडीत तर तो तट दर दिवाळीला थोडा थोडा वाढत असे. एवढं नक्की, की सगळी कंपनी पळाली, बळवंतला पळायला वाट उरली नाही, म्हणून तो घोडीवर चढला. आणि घोडीने त्याला न विचारता तटावरून उडी घेतली. खाली गवताची गंजी होती. कॅमेरामन काळ्या कापडात डोकं खुपसून बसल्यामुळे वाचला, आणि भीतीच्या भरात हात थांबवायचं विसरल्यामुळे ती उडी फिल्मवर उतरली. शेठच्या तोंडाचा भोपळा झाला होता. एकच डोळा किलकिला उघडत होता. त्या डोळ्याने त्यांनी गंजीतून बाहेर येणारा, नखशिखांत थरथरणारा बळवंत पाहिला आणि ते ओरडले, "अरे, हाच! हाच आपला शूरवीर!"

त्यानंतर कित्येक वर्षं बळवंतराव पडद्यावर घाबरत राहिले आणि लोक त्याला शौर्य समजत राहिले. त्यांना घोड्याची भीती वाटे, पाण्याची वाटे, उंचीची वाटे, तारवाल्या शिपायाची तर फारच वाटे. भीती वाटली की त्यांची डावी पापणी फडफडायची, आणि अमरावतीपासून अहमदाबादपर्यंतच्या बायका म्हणायच्या, काय बाई डोळ्यांत भाव! उडीच्या आधी ते खिशातल्या डबीतून चिमूटभर ओवा तोंडात टाकत. पोटाला बरा असतो म्हणून. बाकीचे नट त्याला वीरांचा विडा म्हणत.

बोलपट आले आणि घोटाळा झाला. शूरवीराचा आवाज थरथरतो हे सगळ्यांना ऐकू आलं. शेठ जुन्या माश्यांना जागणारे. त्यांनी बळवंतरावांना दिग्दर्शनावर बसवलं. ते काम त्यांना मानवलं. तलवारींच्या धारा ते स्वतः बोट फिरवून बोथट आहेत की नाही पाहत, झुंबराखाली नटाला उभं करत नसत, आणि तोफेच्या दृश्याला कानात कापूस घालून घरीच थांबत. त्यांच्या लढायांत हजारो पडले, पण खरचटलं कुणाला नाही.

मग महायुद्ध संपलं, स्वराज्य आलं, शेठ वारले आणि कंपनी त्यांच्या मुलाच्या हाती आली. ग्वाल्हेर संस्थानही विलीन झालं. मध्यभारत नावाचं नवं राज्य झालं. त्याची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला, म्हणजे गरम कपड्यांच्या ट्रंकेसारखी फिरती. या धामधुमीत बळवंतराव एक ऐतिहासिक बोलपट काढत होते. सगळं झालं होतं, फक्त दरबार राहिला होता. धाकट्या शेठनी साफ सांगितलं, "सेटला पैसे नाहीत. दरबार कुठून तरी आणलात तर चित्रपट पुरा करू. नाही तर आहे तेवढा डब्यात घालतो, आणि तुम्ही घरी बसा."

बळवंतरावांना घरी बसण्याची भीती तटाहूनही जास्त होती. डायरेक्टर एकदा घरी बसला की त्याला कुणी उठवत नाही, हे त्यांनी चारचौघांच्या बाबतीत पाहिलं होतं. त्यांच्या बायकोने, अनसूयाबाईंनी, वाट काढली.

"सेट कशाला पाहिजे? आमच्या लष्करात चला. पेट्या भरभरून अंगरखे पडलेत, पगड्यांना कसर लागून राहिली. दरबार बंद झाल्यापासून कुणी बोलावलं नाही बिचाऱ्यांना. नुसतं या म्हणा, फुकट येतील."

"आणि त्यांच्यापुढे मी उभा राहू? माझे वडील त्यांची घोडी धरून बाहेर उभे राहायचे."

"मग तुम्ही कॅमेरा धरून आत उभे राहा. तेवढी बढती झाली म्हणायची."

एक जुना दरबारी दिवाणखाना होता. तो नव्या सरकारने एका कचेरीला दिला होता आणि सोमवारी सकाळी तिथे कपाटं येणार होती. रविवार मोकळा होता. बळवंतरावांनी खूप हात जोडले आणि तो रविवार मिळवला. कच्च्या फिल्मची तेव्हा देशभर टंचाई. मुजऱ्याचं दृश्य पुरतं एकदा घेता येईल एवढंच रीळ कॅमेरामन मधूजवळ उरलं होतं. दिवस थंडीचे. पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन आत आलं की चंदेरी पत्र्यांवरून ते गादीवर टाकायचं आणि मावळायच्या आत घ्यायचं. म्हणजे एक दिवस, एक रीळ आणि तासभर ऊन. शनिवारीच ओव्याची डबी निम्मी झाली.

रविवारी मानकरी आले. कुणी टांग्यातून आले, कुणी पायी. एक गृहस्थ तलवार सायकलच्या दांडीला बांधून दौलतगंजातून आले आणि वाटेत पगडी पडू नये म्हणून मान इतकी ताठ ठेवली होती, की दुपारपर्यंत ती वळेना. दिवाणखान्यात डांबराच्या गोळ्यांचा वास भरून राहिला. कुणी हसत नव्हतं. आपण सिनेमात काम करायला आलो आहोत ही गोष्ट बहुधा त्यांच्या कानावर पडली होती, पण मनावर घेण्याइतकी ती त्यांना महत्त्वाची वाटली नसावी. ते दरबाराला आले होते.

पहिली ठिणगी गादीवरून पडली. गादीवर राजा म्हणून जयसिंहराव नावाचा नट बसला होता. उंच, गोरा, मिशीला तूप लावलेला. दौलतसिंहराव वाबळे या वृद्ध मानकऱ्यांनी त्याला विचारलं, "कुठले तुम्ही?"

"इंदूरचा," जयसिंहराव म्हणाला.

पगड्या गादीकडे वळल्या.

"सहा महिने राजधानी देऊन बसलो," दौलतसिंहराव म्हणाले, "आता मुजराही द्यायचा? बिलकुल नाही!"

बळवंतरावांची पापणी फडफडली. त्यांनी जयसिंहरावाला बाजूला घेतलं. राजा वेगळा घेता येईल, मुजरा रिकाम्या गादीला करू द्या, असं मधूने सुचवलं. रिकाम्या गादीला मुजरा करायला कुणाचीच हरकत नव्हती. उलट काही जणांचे डोळे भरून आले. जयसिंहराव मुकुट काढून आनंदाने दाल बाजाराकडे कचोरी खायला गेला.

आता सगळे आपापल्या जागी बसले. उजवीकडे पहिली जागा, दुसरी, तिसरी. चौथ्या जागेशी मात्र दोघे उभेच राहिले. एक दौलतसिंहराव, दुसरे कान्होजीराव धायगुडे.

"बसा ना सरकार," बळवंतराव म्हणाले.

"बसतोच आहे. यांना सांग पाचवीवर सरकायला," कान्होजीराव म्हणाले.

"चौथी जागा वाबळ्यांची. हे सगळं लष्कर जाणतं."

"लष्कर जाणतं, पण दरबारने मानलं कुठे? आमच्या आजोबांचा अर्ज पडलाय."

"आमच्या आजोबांचा त्याच्या आधी पडलाय!"

बळवंतरावांनी ओव्याची डबी चाचपली. हा वाद त्यांनी लहानपणापासून ऐकला होता. निकाल लागेपर्यंत दोघांपैकी एकानेच दरबारात यायचं, आळीपाळीने, अशी तोड निघाली होती, आणि त्या आळीपाळीवर दोन पिढ्या गेल्या होत्या. आज भोळसटपणे त्यांनी दोघांना एकदम बोलावलं होतं.

"अहो, हा सिनेमा आहे," ते काकुळतीने म्हणाले. "खोटा दरबार आहे."

"खोटा कसा?" कान्होजीराव म्हणाले. "खरा आता होणार आहे का? अर्जाचा फैसला करणारं कुणी उरलं आहे? आज या यंत्रासमोर जो चौथ्या जागेवर बसेल, तो कायमचा बसेल. पुढची माणसं हेच बघतील. कृष्णरावाचा मुलगा ना तू? मग फैसला कर. तुझ्या हाती आहे."

"कर फैसला," दौलतसिंहराव म्हणाले. "आम्ही वाट पाहून राहिलो."

जन्मात पहिल्यांदाच दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. ऊन खिडकीतून उतरून गादीच्या पायाशी आलं होतं. बळवंतरावांना समोर दोन तलवारी दिसत होत्या, मागे धाकटे शेठ दिसत होते, आणि उद्या सकाळची कपाटं दिसत होती. तट, घोडी, माश्या, सगळं तेच. फक्त खाली गंजी नव्हती.

आणि तटावर झालं तसंच झालं. त्यांना न विचारता त्यांचं तोंड बोलून गेलं, "दोन्ही घेऊ! एकदा कान्होजीराव चौथे, एकदा दौलतसिंहराव चौथे. जे चांगलं उतरेल ते ठेवू. कॅमेरा पक्षपात करत नाही."

मानकऱ्यांनी माना डोलावल्या. मधू धावत जवळ आला.

"बळवंतराव, डोकं ठिकाणावर आहे ना? रीळ एकच आहे."

"ठाऊक आहे रे."

"मग दुसऱ्या वेळी?"

"दुसऱ्या वेळी नुसतं फिरव. खडखड आवाज आला म्हणजे झालं."

मधूने रिळाचा डबा पुढे केला. "आणि रीळ कुणावर घालू?"

बळवंतरावांनी दोघांकडे पाहिलं. कान्होजीरावांची तलवार दोन हात जवळ होती. "ह्यांच्यावर," ते पुटपुटले.

पहिला मुजरा बरा झाला. एकाची पगडी सरकली, एकाला खोकला आला, आणि सायकलवाल्या गृहस्थांना मान वाकवता येईना. पण झाला. दरबार फिल्मवर आला. चित्रपट वाचला. बळवंतराव तिथेच "चला" म्हणणार होते, पण दौलतसिंहराव चौथ्या जागेवर येऊन बसलेही होते.

दुसऱ्या वेळी कोणाची पगडी हलली नाही. ऊन नेमकं गादीवर येऊन थांबलं होतं. दौलतसिंहराव उठले, तीन पावलं पुढे आले आणि असे वाकले, की त्यांच्या मागे सगळी रांग एका माणसासारखी वाकली. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. जणू गादी भरलेली होती. आयुष्यभर बळवंतराव जे दृश्य पडद्यावर आणण्यासाठी घाम गाळत होते ते समोर घडत होतं, आणि रिकामा कॅमेरा त्याच्यासमोर खडखडत होता. मधूने मान खाली घातली होती.

"कसं झालं?" दौलतसिंहरावांनी विचारलं.

"उत्तम," बळवंतराव म्हणाले, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

म्हाताऱ्याने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "फैसला झाला. आता नातवंडं बघतील." हात सुटेना. बळवंतरावांना आपली पापणी आवरेना.

पुढचं वर्षभर त्यांना धड झोप नव्हती. चित्रपट लष्करात लागेल तेव्हा चौथ्या जागेवर कान्होजीराव दिसतील, आणि दौलतसिंहरावांना कळेल. तलवारीची भीती होतीच. पण त्या दोन हातांची जास्त होती. तारवाला दिसला की ते मागल्या दाराने बाहेर पडत.

अनसूयाबाई म्हणाल्या, "सांगून टाका म्हाताऱ्यांना."

"काय सांगू? तुमचा मुजरा सगळ्यांत सुंदर झाला, म्हणून तो घेतला नाही?"

चित्रपट लागला. पहिल्या खेळाला दोन्ही घराणी सहकुटुंब आली. वाबळे डावीकडे बसले, धायगुडे उजवीकडे. बळवंतराव दाराजवळच्या खुर्चीवर. बाहेर टांगा उभा करून ठेवला होता. लढाई झाली. कारस्थान झालं. आता दरबार. त्यांनी डबीतला सगळा ओवा तोंडात ओतला आणि डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा पडद्यावर लग्न चाललं होतं.

चित्रपट लांबला म्हणून धाकट्या शेठनी दरबार अख्खा कापला होता. बळवंतरावांना कळवायची त्यांना गरज वाटली नव्हती.

दिवे लागले. दोन्ही म्हातारे बाहेरच्या पायरीवर समोरासमोर आले. बळवंतराव खांबाआड उभे होते.

"दिसलं नाही काही," दौलतसिंहराव म्हणाले.

"हो ना. पुढची तारीख पडली म्हणायची," कान्होजीराव म्हणाले.

दोघेही बऱ्यापैकी खुशीत दिसले. वाद हरवला नव्हता, घरी परत नेता येत होता. जाताना दौलतसिंहरावांना खांबाआडचे बळवंतराव दिसले. "कृष्णरावाच्या पोरा," ते म्हणाले, "आमचा मुजरा सांभाळून ठेवलाय ना तू? डब्यात?"

"आहे, सरकार," बळवंतराव म्हणाले.

चित्रपट लष्करात आठवडाही चालला नाही. राजधानी भोपाळला गेली तेव्हा दिवाणखान्यातली कचेरीही गेली. चौथ्या जागेवर ठेवलेलं लोखंडी कपाट जड म्हणून तिथेच राहिलं. बळवंतरावांना पुन्हा चित्रपट मिळाला नाही. ग्वाल्हेरच्याच हजीऱ्यातल्या एका टॉकीजमध्ये त्यांनी काही वर्षं मॅनेजरी केली आणि एकोणीसशे एकसष्टच्या पावसाळ्यात ते काविळीने वारले.