सही मागायला आलेली बँक

खात्यात एक लाख एक्केचाळीस हजार आल्याचा मेसेज मी वाचला, तेव्हा माझी हळद अजून अंगणात वाळत पडली होती. हिंगोलीच्या मोंढ्यात विकायला जायला तिला महिना तरी होता. मग हे पैसे कशाचे? नवऱ्याला मोबाईल दाखवला. त्यांनी आकडा दोनदा वाचला आणि म्हणाले, "अनुदान असल."

शिरड शहापूरच्या अंगाला आमचं गाव. खात्यात काहीही येवो, आमच्या गावात ते अनुदानच असतं. विम्याचे, अतिवृष्टीचे, बायकांचे, कोणते पैसे कधी येतात आणि काहून येतात हे कुणी सांगत नाही, म्हणून कुणी विचारतही नाही. धाकटा दीर तर खुशीतच आला. "वैनी, लक्ष्मी चालत आली. गप बसा."

मी म्हणाले, "चालत आली तर कुणाच्या तरी घरातून निघूनच आली असल ना? तिथं कोण रडून राहिलं, ते नको पाहायला?"

दुसऱ्या दिवशी बँकेत गेले. काउंटरवरच्या क्लार्कनं पासबुक पाहिलं, कॉम्प्युटर पाहिला आणि म्हणाला, "बाई, पैसे गेले म्हणून रोज माणसं भांडायला येतात. आले म्हणून भांडणाऱ्या तुम्ही पहिल्याच." मागची रांग हसली. राग माझ्या नाकावरच असतो, पण गिळला. 'हे पैसे माझे नाहीत' असा अर्ज घरूनच लिहून नेला होता, दोन प्रती. एक त्यांनी ठेवायची, दुसरीवर शिक्का मारून पोच म्हणून मला द्यायची. सातवीपर्यंतच शिकले, पण सरकारी कागद पोच घेतल्याशिवाय सोडायचा नाही एवढं कळतं. त्यानं दोन्ही प्रती माझ्याकडं सरकवल्या. "पैसे मिळाल्याची तक्रार घेत नाही आम्ही. जा, ठेवा गुपचूप."

आता अजून काय करायचं असतं माणसानं? पैशाला हात लावला नाही. कागद ट्रंकेत ठेवले आणि हळदीला लागले.

आमच्याकडं वाळलेली हळद निवडायला सावड असते. आज सोळा बायका माझ्या अंगणात, उद्या आम्ही सगळ्या दुसरीच्या अंगणात. मजुरी नाही, चहा-भाकरी तेवढी. त्या दिवशी सगळ्याजणी गड्डे एकीकडं आणि हळकुंडं एकीकडं करत बसलेल्या, तोंडं चालू, हसणं चालू. तेवढ्यात दोन मोटारसायकली थांबल्या. बँकेचा मॅनेजर आणि तोच क्लार्क.

मॅनेजरनं राम राम नाही केला, पाणी नाही मागितलं. उभ्यानंच म्हणाला, "लोकांचे पैसे दाबून बसलात होय? पोलीस केस होईल, माहितीये का?"

सोळा बायकांचे हात थांबले.

पैसे डोंगरकड्याच्या एका शेतकऱ्याच्या हळदीचे होते. ते भरताना बँकेकडूनच खातेनंबरातला एक आकडा चुकला आणि ते माझ्या घरी आले. आता परत घ्यायला त्यांना माझी सही पाहिजे होती. कागद छापून आणला होता. मी पदराला हात पुसून वाचला. 'चुकून जमा झालेली रक्कम माहीत असूनही मी बँकेस कळविले नाही. ती परत घेण्यास माझी हरकत नाही.'

मी क्लार्ककडं पाहिलं. तो हळदीच्या राशीकडं पाहत होता.

"दुसऱ्या वाक्यावर आत्ता सही करते," मी म्हणाले. "पहिलं खोडा. मी आले होते कळवायला."

"छापील कागद आहे, खोडता येत नाही."

"मग सही बी येत न्हाई."

नवरा भला माणूस, पण पोलिसाचं नाव निघालं की भिणारा. म्हणाले, "अगं कर ना सही. पैसे तर द्यायचेच हैत. एका वाक्यानं काय होतंय?" एका वाक्यानं काय होतं, हे पुरुषांना कधी कळायचं नाही. बाईवरचं एक वाक्य गावात तिच्या मागं लेकी-सुनांपर्यंत फिरत राहतं. मी कागद परत दिला. त्याच्यावर माझ्या बोटांचे पिवळे डाग पडले होते, तेवढेच काय ते माझे.

जाता जाता त्यांनी माझं खातं बंद केल्याचं सांगितलं. माझे स्वतःचे सहा हजारही त्यातच अडकले. त्याचं मला एवढं वाटलं नाही. पण त्या दुपारी बायकांचं हसणं बंद झालं ते झालंच. आमच्या बचत गटाच्या पेटीची किल्ली अकरा वर्षं माझ्या गळ्यात होती. एक रुपया इकडचा तिकडं झाला नाही. समोरच्या घरातली माझी मैत्रीण, जिच्यासंगं मी निम्मा जन्म रानात काढला, ती हात धुता धुता, माझ्याकडं न पाहता म्हणाली, "पेटीची किल्ली काही दिवस माझ्याकडं ठिवू का? म्हंजे तुला तकलीफ नको."

मी दोरा तोडला आणि किल्ली तिच्या ओल्या हातावर ठेवली. मग गोठ्यात जाऊन रडले. सांगायला लाज कशाची? चोरी केली असती तर एवढं रडू आलं नसतं.

चार दिवसांनी डोंगरकड्याचा तो शेतकरी एस्टीनं आला. सत्तरीचा म्हातारा, धुळीनं भरलेला. पाणी पिऊन म्हणाला, "माय, बाई सही करीना म्हणून पैसे अडकले, असं सायेब म्हणला."

बघा की! चूक यांची, आणि म्हाताऱ्याला घातलं माझ्या अंगावर. मी ट्रंकेतून दोन्ही अर्ज काढून त्याच्यापुढं ठेवले, छापील कागदात काय लिहिलं होतं तेही सांगितलं. त्यानं अक्षरांखाली बोट फिरवत वाचलं. बराच वेळ लागला.

"तुमी तर आदीच लिवलं हे."

"व्हय."

"मग चला, माय."

बँकेत तो मॅनेजरसमोरच्या खुर्चीत बसला, डोक्याचं पागोटं काढून टेबलावर ठेवलं. "पैसे माझे हैत. बाईनं जे लिवलं त्याच्यावर घ्या. लबाड कागदानं आलेला पैसा मला पचायचा न्हाई. तवर मी इथंच बसतो."

मॅनेजरनं क्लार्कला बोलावलं. "या आल्या होत्या का?" क्लार्कनं माझ्या हातातल्या अर्जांकडं पाहिलं. मग म्हणाला, "आल्या होत्या, सर." मॅनेजरचा चेहरा उतरला. खरं सांगायचं तर तोवर त्यालाही ते माहीत नव्हतं. पण विचारायला तोंड होतं ना त्याला? माझ्या अर्जावर शिक्का बसला, म्हाताऱ्याचे पैसे दुपारपर्यंत त्याच्या खात्यात गेले, माझं खातं उघडलं.

"झालं ना बाई आता समाधान?"

"न्हाई," मी म्हणाले. "अंगणात बोललेलं अंगणातच परत घ्यायचं, ही आमची रीत हाय. सोळा बायकांपुढं मला चोर म्हणलात. माझी दुसरी रास निवडायला बुधवारी त्याच सोळाजणी येऊन राहिल्या. या."

"बाई, मी मॅनेजर आहे."

"म्हणून तर तुमाला सांगून राहिले."

नवरा म्हणाले, तो येतोय कशाला. मलाही तसंच वाटत होतं. पण बुधवारी चहाच्या वेळेला मोटारसायकल थांबली. तो एकटाच होता. अंगणाच्या कडेला उभा राहिला, हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं आणि खाली पाहून पुटपुटला, "त्या दिवशी... बाई आधीच कळवायला आल्या होत्या. चूक बँकेची होती."

माझी समोरची मैत्रीण मांडीवर हळकुंडं घेऊन बसली होती. तिनं हात थांबवला.

"मोठ्यानं बोला, सायेब," ती म्हणाली. "तवा तर मारुतीच्या पारापर्यंत ऐकू गेलं होतं."

त्यानं मान वर केली आणि मोठ्यानं सांगितलं.