दोराचं दुसरं टोक

भिजलेल्या काथ्याचा वास आला की ऐरोलीच्या खाडीकाठचं ते घर आठवतं. ऐंशी सालाच्या सुमारास मी तिकडच्या गावांतल्या जुन्या कामांचे फोटो काढत हिंडायचो. अंगणात एक म्हातारा होडीचा दोर वळत होता आणि दोराचं दुसरं टोक घराच्या अंधारात गेलं होतं. "घरवाली हाय आत," तो म्हणाला. मग त्याने हाक दिली, "ढील दे गो," आणि ताणलेला दोर सैल पडला. तिचाही फोटो घ्यावा म्हणून मी आत गेलो, तर आत कुणीच नव्हतं. टोक जमिनीवर पडलं होतं, ते मी उचललं. हात बदललेला म्हाताऱ्याला बाहेर लगेच कळला. "तुमी सोडा," तो म्हणाला, "तिला धरू द्या." मी सोडलं. टोक खाली पडलं नाही. कसंबसं कॅमेऱ्याचं बटण दाबलं आणि बाहेर पडलो. तो रोल मी अजून धुतलेला नाही.