सलवातले इंग्रज नट

मी कुवेतमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. काही वर्षांपूर्वी इथल्या सलवा भागात एका इंग्रज शिक्षिकेच्या घरी आठवड्यातून तीनदा जायचे. तिच्या वडिलांचा गुडघा बदलला होता. ऐंशीच्या घरातले, उंच, खर्जातल्या आवाजाचे गृहस्थ. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "तुम्ही काय काम करायचात?"

"करतो. अजून करतो. नट आहे मी."

पन्नासेक वर्षं ते रंगभूमीवर आणि टीव्हीवर लहानसहान भूमिका करत आले होते. हवालदार, पाद्री, खाटीक, घरमालक. त्यांना व्यायामाचा कंटाळा आला की मी म्हणायचे, "आज कोण?" आणि ते खाटीक होऊन, करवादत पाय उचलायचे. तिकडे इंग्लंडमध्ये रस्त्यात लोक त्यांना थांबवत, पण कुठे पाहिलंय ते आठवत नसे. "तुम्ही आमच्या बँकेत होतात का?" असं विचारत.

"मग तुम्ही काय सांगता?"

"हो म्हणतो. त्यांच्या बँकेत मी नेहमी चांगला वागलेला असतो."

त्याच हिवाळ्यात आमच्या मराठी मंडळाचं नाटक बसत होतं. मला शेजारणीचं काम आलं. चार वाक्यं, आणि बाकी वेळ कोपऱ्यात तांदूळ निवडत बसायचं. कॉलेजात मी नायिका केलेली, त्यामुळे राग आला होता. काम सोडतेय, असं मी त्यांना सांगून टाकलं.

त्यांनी पाय खाली ठेवला. "ती शेजारीण त्या घरातलं भांडण ऐकते?"

"ऐकते."

"मग तिला भरपूर काम आहे. रोज पहिल्यांदाच ऐकतेय, असं ऐका."

मी काम सोडलं नाही. तालमीत ऐकायला लागले, आणि महिन्याभरात सगळ्यांचीच वाक्यं मला पाठ झाली.

प्रयोगाला ते लेकीबरोबर, वॉकर घेऊन आले. दुसऱ्या अंकात थोरल्या भावाचं काम करणारे आमचे एसी मेकॅनिक, मूळचे कोकणातले, फरवानियात राहणारे, वडिलांचं पत्र हातात घेऊन उभे राहिले आणि गप्पच झाले. विंगेतून सांगितलेलं त्यांना ऐकू येईना. मी सूप बाजूला ठेवलं, उठले आणि तांब्याभांडं त्यांच्यापुढे धरलं. "भाऊजी, आधी पाणी घ्या. वडिलांनी घर विकायचं लिहिलंय का?"

"होय, वहिनी," ते म्हणाले, आणि गाडी रुळावर आली.

पडदा पडल्यावर ते घामाघूम होऊन माझ्याकडे आले. "ताई, आज लाज राखलीत." तेवढ्यात मागून वॉकर टेकत इंग्रज नटही पोचले.

"भाषेतला एक शब्द कळला नाही," ते म्हणाले, "पण पाणी दिलंत तेव्हा हे बुडत होते ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मीही असा बुडालोय. मला ज्यांनी वाचवलं, त्या बाई मोलकरणीचं काम करत होत्या." मग त्यांनी मेकॅनिकभाऊंचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला. दोघंही हसत होते.

उन्हाळ्याआधी इंग्रज नट मायदेशी परतले. निघताना गुडघ्याबद्दल माझे आभार मानले. त्यांचे मानायचे मात्र माझ्याकडून राहूनच गेले. निरोपाच्या गडबडीत व्यायामाचा कागद तेवढा हातात दिला. पुढे लेकीकडून कळलं, त्यांना एका मालिकेत माळ्याचं दोन दिवसांचं काम मिळालं होतं आणि ते खुशीत होते.

तेव्हापासून मी मंडळाच्या प्रत्येक नाटकात आहे. कधी आत्या, कधी नर्स, एकदा तर नुसती रांगेत उभी असलेली बाई. दिग्दर्शक संकोचून विचारतात, "ताई, काम लहान आहे, चालेल?" मी त्यांचं वाक्य पुरं होण्याआधीच हो म्हणते.