रुसलेलं रबर

चहा आला की गजभिये आधी त्यात काचेची नळी बुडवायचे. दोन्ही टोकं बंद केलेली बोटाएवढी नळी, आत पाण्यासारखं स्वच्छ द्रावण. गरम चहात ते बघता बघता दुधासारखं पांढरं व्हायचं. मग ते नळी रुमालाने पुसून टेबलावर ठेवायचे, आणि ती निवली की पुन्हा स्वच्छ. नवा माणूस चक्रावला की म्हणायचे, "रबर रुसलं होतं. गेलं नव्हतं." तोवर चहा गार झालेला असे. तोच प्यायचे.

ते माझ्या फरीदाबादच्या कारखान्यात केमिस्ट होते. आम्ही चिकटपट्ट्यांना लागणारा गोंद बनवतो, म्हणजे रबर विरघळवतो. मी दहावी शिकलेली. गोंदाचे डबे घेऊन दारोदार फिरले, तेव्हा ही शेड उभी राहिली. गजभिये नागपूरकडचे, एम.एस्सी. त्यांच्या खोलीत बुद्धाची लहान तसबीर होती. कारखान्यात मराठी आम्ही दोघंच. गिऱ्हाइकासमोर मी भाव ताणत असले की ते शांतपणे मराठीत म्हणत, "ताई, ताणून धरा. याला आपलाच माल हवाय." इतरांदेखत हिंदीत मॅडम, मराठीत ताई.

एका जूनमध्ये मी घासाघीस करून रबर विरघळवायचं एक हलकं सॉल्व्हंट स्वस्तात उचललं. गजभियेंनी ते बाटलीत हलवून पाहिलं. "ताई, हे तापलं की फार पसरतं. मग रबराला धरून ठेवत नाही. वरून दाब असेल तोवर ठीक. गरम असताना दाब सोडला की रबर बाहेर."

"गरम केल्यावर जास्त विरघळतं, एवढं मलाही कळतं," मी म्हटलं.

"साखरेचं तसं असतं, ताई."

ते वाक्य मला झोंबलं.

पंधरा दिवसांनी गुरुग्रामहून खुराना नावाचे खरेदी अधिकारी आले. वर्षभराची ऑर्डर होती, आणि ती गेली असती तर निम्मी माणसं मला घरी पाठवावी लागली असती. त्या स्वस्त सॉल्व्हंटच्या मालाची बंद टाकी दाबाखाली गरम होती. तिच्या काचेच्या खिडकीतून माल नितळ दिसत होता. खुरानांना नमुना लगेच हवा होता. गजभिये मराठीत म्हणाले, "ताई, दाब सोडू नका. निवू द्या. संध्याकाळी देऊ."

मी व्हॉल्व्ह उघडायला लावला. काचेमागे सगळं पांढरं झालं.

"मैडम, ये तो फट गया," खुराना हसले.

मी गजभियेंकडे वळले आणि हिंदीत बोलले. मराठीत बोलले असते तर ते आमच्या दोघांत राहिलं असतं. "एक टंकी नहीं सँभलती? डिग्री पढ़कर ली थी, या आप लोगों को ऐसे ही मिल जाती है?"

मला काय म्हणायचं होतं, ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. दोघं-तिघं हसले. गजभियेंनी खोलीतून तसबीर काढली, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवली आणि गेटबाहेर पडले.

संध्याकाळी टाकी निवली. माल काचेसारखा नितळ झाला. दुसऱ्या दिवशी नमुना पाठवला, ऑर्डर मिळाली.

तिसऱ्या दिवशी मी फोन केला. "गजभिये, चुकलं माझं. उद्यापासून या."

ते हिंदीत म्हणाले, "मैडम, यही बात हिंदी में कहिए. वहीं टंकी के पास, सबके सामने. मैं आ जाऊँगा."

मी फोन ठेवला. मालकिणीने कामगारांसमोर नाक घासावं, अशी अट घालणाऱ्या माणसाचा मला राग आला. खरं सांगायचं तर अजून येतो. मी आयुष्यभर सौदे केले, पण ज्यात समोरचा एक पैसाही खाली आला नाही, असा तो एकच. त्यांनी दुसरीकडे कमी पगारावर काम धरलं, पण आले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात ते गेल्याचं कळलं. मी भेटायला गेले. घर माणसांनी भरलं होतं, सगळे मराठीत हळू आवाजात बोलत होते. बुद्धाच्या त्याच तसबिरीपुढे मेणबत्ती होती आणि तिच्याजवळ ती नळी, अगदी स्वच्छ. मी त्यांच्या पत्नीला म्हटलं, "वहिनी, फार चांगला माणूस होता."

त्यांनी माझ्या हातात पाण्याचा पेला दिला.

"बैठिए, मैडम," त्या म्हणाल्या.