सर्वांत कनिष्ठाने आधी बोलावं

मेजर अविनाश धारप बँकर म्हणून सामान्य होते.

हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. त्यामुळे ते गेल्याला आज वर्ष होत असताना लिहायला संकोच वाटत नाही.

सैन्यातून निवृत्त होऊन, मॅनेजमेंटचा कोर्स करून ते गुरुग्रामला माझ्या इन्व्हेस्टमेंट बँकिंग टीममध्ये आले. वयाने माझ्याहून मोठे, हुद्द्याने सर्वांत खाली. बूट मात्र ऑफिसात सर्वांत चकचकीत.

त्यांची एक्सेल मॉडेल्स मला पाहवत नसत.

"मेजर, हे सुधारलं नाही, तर प्रोबेशननंतर मी तुम्हाला कायम करणार नाही."

"बिल्कुल, मॅम. समोर सांगितलंत, बरं झालं."

दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटसाठी त्यांनी नुकतंच कर्ज घेतलेलं. चेहऱ्यावर त्याची काळजी दिसली नाही.

त्याच सुमारास आमचा एक क्लायंट गाझियाबादची पॅकेजिंग कंपनी विकत घेणार होता. अंतिम सल्ला आम्ही द्यायचा होता. व्यवहार व्हावा असं माझं मत होतं आणि ते सर्वांना ठाऊक होतं.

मीटिंगमध्ये मी बोलायला सुरुवात करणार, तोच मेजर म्हणाले, "मॅम, एक विनंती. सर्वांत कनिष्ठाने आधी बोलावं. कोर्ट मार्शलमध्ये मत तसंच घेतात. वरिष्ठ आधी बोलले, की खालच्यांना स्वतःचं मत उरत नाही."

"इथे कुणावर खटला चालू नाही, मेजर."

"कंपनीवर आहे ना, मॅम."

कुणीतरी हसलं. मला अशा विनोदांची आवड नाही.

"ठीक. मग बोला. सर्वांत कनिष्ठ तुम्हीच आहात."

ते उभे राहिले. आमच्याकडे कुणी उभं राहून बोलत नाही.

"ही कंपनी घेऊ नये. हिचा बहुतेक माल एकच ग्राहक उचलतो. आपण कारखाना पाहायला गेलो, तेव्हा शेजारच्या प्लॉटवर त्याच ग्राहकाच्या नव्या पॅकेजिंग युनिटची पाटी होती."

त्या भेटीला आम्ही सगळेच गेलो होतो. बाकीचे गाडीत लॅपटॉप उघडून बसले होते.

मग एकेक जण बोलू लागला. प्रत्येकाच्या मनात काही ना काही शंका होतीच.

मी शेवटी बोलले. मत बदलणं मला आवडत नाही. पुरावा असला तर बदलते. "खरेदी करू नका," असा सल्ला आम्ही दिला. व्यवहार झाला नाही, आमची फी गेली.

मेजरना मी कायम केलं. शेरा लिहिला: मॉडेलिंग अजूनही सुमार.

वाचून म्हणाले, "शेरा बरोबर आहे, मॅम."

ते गेले तेव्हा ऑफिसात शोकसभा झाली. प्रथेप्रमाणे मी आधी बोलावं, असं सुचवण्यात आलं. मी नकार दिला आणि नुकत्याच लागलेल्या ॲनालिस्टला बोलायला सांगितलं.

ती म्हणाली, "सरांनी मला कधी 'अगं-तुगं' केलं नाही."

मग बाकीचे बोलले. माझी पाळी शेवटी आली, तेव्हा "सर्वांशी सहमत" एवढंच म्हणून मी सभा संपवली.

माझं मत नोंदवायचं राहिलं होतं, मेजर. आज नोंदवते.

मॉडेलिंगचा शेरा कायम.

तुमची जागा मी अजून भरलेली नाही. मुलाखती झाल्या. एकही उमेदवार पसंत पडला नाही.

सादर निरोप.